पोरींसाठी पोहण्याचा टाका

मैत्रिणींनो, अगदी खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणींना पोहता येतं?

इथं धानोऱ्यात मी हा प्रश्न गेल्या महिनाभरात भेटेल तिला विचारला. बचत गटाच्या बैठकीत विचारला, आठवडी बाजारात विचारला, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा विचारला. हात वर केले फक्त दोघींनी. दोघीही ढीवरांच्या घरातल्या, नदीकाठी वाढलेल्या. बाकीच्या हसल्या. एक आजी म्हणाल्या, "पोरीले पवना शिकवून का करता बाई? पान्यात जावाच नाही म्हना तिले!" सगळ्या बायांनी माना डोलावल्या.

विषय निघाला तो कॉलेजच्या पोरींमुळे. आमच्या शेजारची बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी मैत्रिणींबरोबर कुठल्याशा स्पर्धेला बाहेरगावी गेली होती. तिथं तिनं पहिल्यांदा स्विमिंग टँक पाहिला. निळ्या फरशीचा, रेघा मारलेला, वर उंच फळ्या लावलेला. आल्यापासून तिचं एकच चाललंय, "काकू, आपल्या कॉलेजात असा टाका का नाही बांधत?" तिची आई म्हणते, आधी वसतिगृहाच्या नळाला पाणी येऊ दे. आईचं चूक नाही. पण पोरीचं तरी काय चूक आहे?

म्हणून ठरवलं, असा टाका बांधायचा म्हणजे नेमकं काय करावं लागतं ते एकदा नीट समजून घ्यायचं. माझे एक भाऊजी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना चहा पाजला आणि कागद-पेन पुढं ठेवलं.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की पोहण्याचा तलाव आणि सूर मारण्याचा तलाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मला वाटायचं, एकाच टाक्यात एका बाजूला फळी ठोकली की झालं! तसं नसतं. शिकाऊ पोरींसाठी पाणी कमरेपासून छातीपर्यंत असावं, म्हणजे घाबरली की पाय टेकता येतात. सूर मारायला मात्र विहिरीसारखी खोली लागते. एक आणि तीन मीटरवरच्या लवचिक फळ्यांखाली साधारण साडेतीन ते पावणेचार मीटर पाणी हवं. दहा मीटरचा मंच असेल तर पाच मीटर. पाच मीटर म्हणजे तुमच्या-माझ्या उंचीच्या तीन बायका एकीच्या डोक्यावर एक उभ्या केल्या, तरी वरचीचं डोकं पाण्याखालीच राहील. दहा मीटर उंची म्हणजे तीन मजली घराची गच्ची. तिथून उडी घेणारी मुलगी पाण्याला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. आपल्या मुरूमगावच्या रस्त्यावर एस. टी.सुद्धा त्याहून हळू चालते हो!

आणखी एक गंमत कळली. डायव्हिंगच्या टाक्यात पाण्यावर मुद्दाम फवारा सोडतात किंवा खालून बुडबुडे काढतात. कशाला? तर पाणी अगदी संथ आणि नितळ असलं की वरून उडी घेणाऱ्याला पाण्याचा पृष्ठभाग दिसतच नाही, थेट तळच दिसतो. कोलांटी मारता मारता अंदाज चुकतो. म्हणून पाणी हलतं ठेवायचं.

आता पाण्याचा हिशेब. ऑलिंपिकच्या मापाचा तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद. दोन मीटर खोली धरली तरी २५ लाख लिटर पाणी झालं. तेवढा आपल्याला नकोच. कॉलेजला २५ मीटर लांब आणि साडेबारा मीटर रुंद तलाव पुष्कळ झाला. सरासरी खोली सव्वा मीटरच्या थोडी वर धरली तर चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर! दिवसाला पाचशे लिटर पाणी वापरणाऱ्या घराला हे पाणी दोन वर्षांहून जास्त पुरलं असतं. हे ऐकून माझाच जीव दडपला.

पण भाऊजी धानपट्ट्यातले. त्यांनी दुसऱ्या बाजूनं मांडून दाखवलं. एक एकराच्या बांध्यांमध्ये दहा सेंटिमीटर पाणी उभं केलं, तर तेही चार लाख लिटरच होतं. म्हणजे आपण ज्याला 'केवढं हे पाणी' म्हणतो, ते एका एकर धानातलं एका वेळचं पाणी. शिवाय तलावाचं पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी पंपानं ओढून वाळूच्या फिल्टरमधून गाळतात, क्लोरिन घालून परत सोडतात. सहा-आठ तासांत सगळं पाणी एकदा गाळून निघालं पाहिजे. मे महिन्यात उन्हानं रोज जे उडून जातं, तेवढी भर घालायची. फिल्टर धुवायला थोडं जातं. पाणी हा अडथळा आहे, पण मानतो तेवढा मोठा नाही.

खरा अडथळा विजेचा आहे. लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की फिल्टर बंद. उन्हाळ्यात दोन दिवस गाळणं थांबलं की पाणी हिरवं पडायला लागतं. क्लोरिन कमी पडला तर कानाचे, कातडीचे, पोटाचे आजार. जास्त झाला तर डोळ्यांची आग. म्हणून दिवसातून काही वेळा पाणी तपासून वहीत लिहून ठेवायचं असतं. क्लोरिन किती, आम्लता किती. हे काम करणारा एक माणूस कायमचा लागतो. नारळ फोडणं एका दिवसाचं, वही लिहिणं बारा महिन्यांचं. आपल्याकडे गाडं अडतं ते या वहीपाशी. पुढाऱ्यांना फीत कापायला आवडतं, वही तपासायला कुणी येत नाही.

बांधकामातलीही एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार नवलाची वाटली. आधी खड्डा, मग खडी-सिमेंटचा थर, मग लोखंडाची जाळी बांधून तळ आणि भिंती एकसंध ओतायच्या. मग फरशी लावण्याआधी तलाव काठोकाठ भरून काही दिवस तसाच ठेवायचा आणि पातळी उतरते का बघायचं. गळती असेल तर तिथंच सापडते, फरशीखाली गेली की सापडत नाही. इथपर्यंत ठीक. पण रिकामा तलाव तरंगतो हे माहीत होतं का तुम्हाला? आमच्या भागात पाऊस भरपूर, पावसाळ्यात विहिरींचं पाणी हाताला लागेल इतकं वर येतं. अशा वेळी कुणी 'साफ करू' म्हणून तलाव रिकामा केला, तर जमिनीतलं पाणी खालून त्याला नावेसारखं उचलतं. तळाला तडे जातात, अख्खा सांगाडा वर उचलला जाऊ शकतो. त्यासाठी तळात खास झडप बसवतात, ती जमिनीतलं पाणी आत येऊ देते आणि दाब कमी करते. आणि भर पावसाळ्यात तलाव रिकामा करायचा नाही, हा साधा नियम पाळायचा. पुण्या-मुंबईचा नकाशा जसाच्या तसा उचलून धानोऱ्यात बांधला तर काय होईल, ते यावरून लक्षात यावं.

बरं, हे सगळं कॉलेजच्या आवारात कुणी कधी केलंय का? लांब जायला नको. आपल्या विदर्भातच, अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ साली अंबादास आणि अनंत वैद्य या भावांनी सुरू केलेला आखाडा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाचं पथक कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला जर्मनीला गेलं होतं. आज तिथं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय आहे आणि पोहण्याचा तलावही आहे. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की तिथं तलाव शोभेचा नाही. शारीरिक शिक्षण शिकणारी मुलं-मुली आवारातच आहेत, त्यामुळे शिकवणारे हात तिथंच तयार होतात. तलाव बांधला पण शिकवायला कुणी नाही, ही पाळी येत नाही. आणि मुलींना शिकवायला बाई हवी असेल, तर बाईही तिथंच घडते.

पण अमरावती आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. पुण्याचं बालेवाडी तर विचारूच नका. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या तिथल्या संकुलात पोहण्याचा आणि डायव्हिंगचा, असे दोन्ही तलाव आहेत. सूर मारण्यात आपल्या राज्यात नाव आहे ते सोलापूरच्या मुलींचं. ऋतिका श्रीराम ही राष्ट्रीय पातळीवर चमकलेली डायव्हर सोलापूरचीच. मोठं महानगर नाही, श्रीमंत शहर नाही, गिरण्यांचं आणि चादरींचं गाव. तरी तिथल्या पोरी फळीवरून कोलांट्या घेत पाण्यात शिरतात आणि पाणी उडत नाही. जितकं कमी पाणी उडेल तितके गुण जास्त! आणि हे शिक्षण सुरू होतं ते पाण्याबाहेर. गादीवर, दोरीच्या पट्ट्यात अडकवून, उसळत्या जाळीवर. म्हणजे टाका बांधून होईपर्यंत अर्धा अभ्यास कोरड्या जमिनीवर होऊ शकतो.

बायकांनी पाण्यात उतरावं की नाही, हा वाद काही धानोऱ्याचाच नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांना पोहायला आणि सूर मारायला पहिल्यांदा मिळालं ते १९१२ मध्ये, स्टॉकहोमला. आपल्या आरती साहा १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेल्या तेव्हा पुरत्या बारा वर्षांच्याही नव्हत्या. १९५९ मध्ये त्यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली आणि हे करणाऱ्या आशियातल्या पहिल्या महिला ठरल्या. आणि आपल्या नागपूरच्या कांचनमाला पांडे? त्यांना डोळ्यांनी दिसत नाही. २०१७ मध्ये मेक्सिकोत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत त्यांनी २०० मीटर मेडलेचं सुवर्णपदक आणलं. 'पोरीला पाणी झेपत नाही' म्हणणाऱ्यांना मी हे एवढंच सांगते.

आता घरातल्या अडचणी. त्या खऱ्या आहेत, त्यांना हसून चालणार नाही.

पहिली अडचण कपड्यांची. पोहायचा पोशाख म्हणजे सिनेमातला, असं आपल्या डोक्यात बसलंय. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोशाखही मिळतो आणि तो घालून छान पोहता येतं. फक्त सुती नको. सुती कापड पाणी पितं, जड होतं आणि अंगाला चिकटून खाली ओढतं. ओढणी तर अजिबात नको. दुसरी अडचण नजरेची. तलावाला उंच भिंत हवी, मुलींची वेळ वेगळी हवी, त्या वेळेत काठावर बाईच हवी. कपडे बदलायच्या खोलीला कडी लागली पाहिजे आणि ती आतून लागली पाहिजे. हसू नका, कडी नसलेली बाथरूमं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. नकाशा पास करताना कॉलेजच्या दोन मुली आणि दोन आया समितीत बसवल्या, तर ही कडी कुणी विसरणार नाही.

तिसरी अडचण पाळीची. आमच्या भागात अजूनही काही गावांमध्ये त्या दिवसांत बाईला कुर्माघरात बसावं लागतं. अशा घरातून आलेल्या मुलीला टाक्यावर काय सांगायचं? त्या दिवसांत नको वाटलं तर उतरू नये, बस. त्यात पाप नाही, बाटणं नाही, आणि हजेरीत गैरहजरीही लावू नये. ज्या मुलींना आतून वापरायची साधनं चालतात त्या उतरतातही. हे बोलायचं कुठं, असं वाटतं ना? पण हे बोलणं जगात सुरू झालं त्यात आपल्याच जिल्ह्याचा वाटा आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत पाहणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापलं, की तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि बहुतेक जणी तो मुकाट सोसत होत्या. त्यांचं शोधग्राम आपल्या धानोरा तालुक्यातच आहे. तेव्हा लाजायचं ते आपण तरी नको.

चौथी अडचण मी सगळ्यांत शेवटी ठेवली, कारण ती अडचण नाही, तेच कारण आहे. 'पोरगी बुडाली तर?'

२३ जानेवारी २०२४ ची गोष्ट आठवा. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर गावच्या बाया मिरची तोडायच्या मजुरीला वैनगंगा ओलांडून निघाल्या होत्या. नाव उलटली. नावाडी पोहत बाहेर आला, एक बाई वाचली. सहा जणी गेल्या. काठावर बातमी ऐकणाऱ्या बाया म्हणत होत्या, नशीब. मला ते नशीब वाटत नाही. भिजलेलं लुगडं पायांना गुंडाळतं आणि हात मारायलाही जागा उरत नाही. ज्यांना पाठीवर पडून दोन मिनिटं तरंगता येतं, त्यांना निदान कुणी येईपर्यंत वेळ मिळतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात बुडून ३८ हजारांहून अधिक माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. पाण्यापासून लांब ठेवून आपण पोरींना वाचवत नाही. धान रोवायला, मोहफुलं वेचायला, शाळेला, सासरी जायला त्यांना नदी-नाले ओलांडावेच लागतात. कठाणी पुरात काय रूप घेते ते धानोऱ्याला कुणी सांगायला नको.

आणि आपण काय पाण्याला नवखे आहोत? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली म्हणजे तलावांचे जिल्हे. मालगुजारीच्या काळापासूनचे मामा तलाव, गावोगावच्या बोड्या. कोहळी लोकांनी ज्या कसबानं तलाव बांधले, ते बघायला बाहेरची माणसं येतात. त्या बोड्यांत पोरं वाढतात, मुटके मारतात, पाठीला रिकामा डबा किंवा सुका तुंबा बांधून दोन उन्हाळ्यांत तरबेज होतात. पोरी काठावर कपडे धुतात. तेच पाणी, तोच काठ.

म्हणून माझं मत विचाराल तर असं आहे. डायव्हिंगच्या खोल टाक्याची घाई नको. ते जिल्ह्याच्या ठिकाणी, गडचिरोलीला व्हावं. २०११ पासून आपलं गोंडवाना विद्यापीठ तिथं आहे, दोन्ही जिल्ह्यांच्या कॉलेजांना ते उपयोगी पडेल. तालुक्याच्या कॉलेजला मात्र उथळ, २५ मीटरचा तलाव हवाच. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या आपल्या पोरींना धावण्याखेरीज दुसरा खेळ हाताशीच नसेल, तर त्या आरक्षणाचा त्यांना काय फायदा? तलाव झाला तर तो फक्त कॉलेजचा ठेवू नये. सकाळी शाळेच्या मुली, दुपारी बाया, संध्याकाळी मुलगे. गुडघे धरलेल्या बायांना तर पाण्यात नुसतं चालण्यानंही बरं वाटतं, कारण पाणी अंगाचा भार उचलून घेतं.

आणि तोवर? तोवरची सोय बांगलादेशानं दाखवली आहे. तिथं खेड्यातल्या तळ्यातच बांबूचा मांडव बांधतात. पाण्याखाली बांबूचाच तळ, चारी बाजूंनी बांबूचे कठडे, छातीएवढं पाणी. त्यात गावातलीच शिकलेली बाई मुलांना शिकवते. २५ मीटर पोहता आलं, अर्धा मिनिट तरंगता आलं आणि बुडणाऱ्याला काठावरून हात किंवा काठी देता आली, की पास. पाण्यात उडी टाकून वाचवायला जायचं नाही, हेही त्यात शिकवतात. लांब बांबू, दोर, नाही तर अंगावरची साडी सोडून तिचं टोक फेकायचं.

बांबू आपल्याकडे काही कमी नाही. २०११ मध्ये आपल्या शेजारच्या मेंढा-लेखा गावानं स्वतःच्या जंगलातला बांबू विकायचा हक्क मिळवला, तेव्हा सगळ्या देशानं नाव घेतलं. भाऊजींनी कागदाच्या मागच्या बाजूला मांडवाचं माप काढून दिलंय. पाण्याखाली राहणारा बांबू दर हंगामाला तपासून बदलावा लागेल, बोडीचा गाळ आधी काढावा लागेल, आणि गुरं दुसऱ्या घाटावर न्यावी लागतील. होळी झाली की पाणी योग्य पातळीला येतं. शेजारची पोरगी ग्रामसभेत विषय मांडणार म्हणतेय. तिच्या आईनं अजून हो म्हटलेलं नाही, पण परवा विचारत होती, "शिकवायला बाईच राहीन ना जी?"